१२ फेब्रुवारीची बैठक : चार्ल्स अँड्र्यूज
सगळ्यांना नमस्कार, १२ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेसहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायचंय, त्या दिवशी दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज यांची जयंती, जन्म १८७१ चा न्यूकॅसलचा.

आपल्याकडे हा माणूस फक्त 'गांधीजींचा इंग्रज मित्र' म्हणून माहीत असतो, ते मला तरी फार अपुरं वाटतं. अँग्लिकन पाद्री, १९०४ ला दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजमध्ये शिकवायला आला, आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांना पाठवलं ते आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१४ च्या जानेवारीत डर्बनच्या धक्क्यावर उतरल्यावर गांधी कोण ते विचारून त्यांनी वाकून सरळ पायांना हात लावला, तिथल्या गोऱ्यांना ते चांगलंच झोंबलं. पुढच्या वर्षी आपले सहकारी पिअर्सन यांच्याबरोबर फिजीला गेले, उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांचे हाल बघून रिपोर्ट लिहिला, आणि १९२० पर्यंत तिथली गिरमिट, म्हणजे करारानं बांधून घेतलेली मजुरी, बंद झाली. बैठकीत जास्त वेळ फिजीलाच द्यायचाय.

- प्रत्येकी पाचच मिनिटं, घंटी वाजली की थांबायचं (मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना 😄)
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर वाचून दाखवू नका प्लीज, पुस्तकातलं वाचा
- कोण बोलणार ते १० तारखेपर्यंत ग्रुपवर टाका
- बाहेरचं कोणी आणणार असाल तर आधी कळवा, खुर्च्या कमी आहेत

चहा आहे, कप घरून आणा.