व्यापाराच्या बातमीत जहाजावरची माणसंही असू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयात शुल्काच्या वादावर आपल्या अंकात येणारे लेख मी आवर्जून वाचतो. तूट, टक्केवारी, चलनाचे दर हे सगळं त्यांत नीट समजावलेलं असतं. पण नोकरीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस म्हणून एक गोष्ट मांडावीशी वाटते. देशोदेशींच्या व्यापारातून मुक्काम, म्हणजे परक्या बंदरात किंवा गावात थांबणं, नाहीसा झाला, आणि त्याचा परिणाम कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

पूर्वी मुक्कामाशिवाय व्यापार होतच नसे. इ.स.पू. १९०० च्या सुमारास असूर या आजच्या इराकमधल्या शहराचे व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून सुमारे हजार किलोमीटरवरच्या कानेशला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात जात. तिथे त्यांची स्वतंत्र वस्ती होती. उत्खननात वीस हजारांहून जास्त मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत हिशेब आहेत, वसुलीचे तगादे आहेत आणि मागे राहिलेल्या बायकांची पत्रंही आहेत. कापड त्या विणत आणि त्याचे पैसे का आले नाहीत म्हणून नवऱ्यांना जाब विचारत. कित्येकांनी कानेशमध्ये दुसरा संसार थाटला होता. हिंदी महासागरात तर वाऱ्यानेच थांबायला लावलं. नैर्ऋत्य वाऱ्यावर आलेल्या जहाजाला ईशान्य वारे सुरू होईपर्यंत परतीची वाट नसे. बाराव्या शतकात ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी अब्राहम बेन यिजू मंगळूरला आला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. आशू नावाच्या दासीला त्याने मुक्त केल्याचा ११३२ चा दस्तऐवज आहे. तिच्याशीच त्याने लग्न केलं, असं अभ्यासक मानतात. बोम्मा हा त्याचा गुलाम माल घेऊन एडनला जाई, आणि एडनचे व्यापारी पत्रांतून त्याची आवर्जून विचारपूस करीत.

तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणत नाही. १३४७ मध्ये व्यापारी जहाजांतूनच प्लेग युरोपात पोहोचला. पुढे अटलांटिकवर सुमारे सव्वा कोट आफ्रिकी माणसं माल म्हणून लादली गेली. त्यांतली जवळपास अठरा लाख वाटेतच मेली. जहाजावर काम केलेल्या कोणालाही हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येणार नाही.

मुक्काम संपवला तो कंटेनरने. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. टनामागे जवळजवळ सहा डॉलर असलेला चढवण्याचा खर्च सोळा सेंटवर आला. वस्तू स्वस्त झाल्या, कारखाने दूरदूरच्या देशांत गेले, लाखो लोकांना रोजगार मिळाला. त्याच वेळी जुन्या गोद्या ओस पडल्या. लंडनच्या रॉयल डॉक्स १९८१ मध्ये बंद झाल्या.

मी कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून लागलो तेव्हा सुट्या पेट्या-पोत्यांचा माल नेणारी जुनी जनरल कार्गो जहाजं अजून चालत होती. हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराचं झाकण, उघडायची, डेरिकने, म्हणजे जहाजावरच्या यारीने, दोरांत बांधलेला माल उचलायचा, बंदरात आठ-दहा दिवस सहज जायचे. टॅली क्लार्क, म्हणजे बंदरावरचा माल मोजणारा कारकून, आणि मी शेजारी उभे राहून आपापल्या वहीत पेट्या मोजायचो. आकडे जुळले नाहीत की हुज्जत व्हायची. चौथ्या दिवसापर्यंत त्याच्या घरी कोण आजारी आहे हे मला ठाऊक झालेलं असे. पुढे कंटेनर जहाजावर चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालचा अधिकारी, झालो. गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, नीट लागायच्या आत क्रेन सुरू होत. कंटेनर बांधून ठेवणारं लॅशिंग तपासा, रीफरचे (थंड कंटेनरचे) प्लग बघा, तोल राखणारं बॅलास्टचं पाणी सांभाळा, तेवढ्यात तपासणी अधिकारी हजर. काही तासांत जहाज बंदराबाहेर नेणारा पायलट पुन्हा वर यायचा. टर्मिनलमध्ये पायी फिरायला मनाई, गेट लांब, आणि एका बंदरात गेटपर्यंतच्या गाडीचं भाडं खलाशांनी खिशातून भरलेलं मी पाहिलं आहे. २००४ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले. ते गरजेचे होते, पण उतरणं आणखी अवघड झालं.

आज जगातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल समुद्रमार्गे जातो. चोवीस हजार कंटेनर नेणाऱ्या जहाजावर पंचवीसेक माणसं असतात. करोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. माल मात्र तेच पोहोचवत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांनी ज्या देशांना माल दिला, त्या देशांच्या जमिनीवर पाऊलही ठेवलेलं नव्हतं. याची मला आजही चीड येते.

किनाऱ्यावर उतरण्याची रजा खलाशांना मिळाली पाहिजे, हे २००६ च्या सागरी कामगार करारातच लिहिलेलं आहे. म्हणून विनंती, की एखाद्या बंदराने किती तासांत किती कंटेनर हलवले ही बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी तिथल्या प्रशासनाला एवढं जरूर विचारावं: त्या जहाजावरचे किती जण खाली उतरू शकले, त्यांना गाडी होती का, आणि तिचं भाडं कोणी भरलं?

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर