नॅकच्या ग्रेडमध्ये वर्गातला शिक्षक कुठे दिसतो?

मा. संपादक,
स. न.

ॲडमिशनचे दिवस आले की कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ग्रेड असते, पालकांना वाटतं ग्रेड चांगली म्हणजे शिकवणं चांगलं. मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवतो, नॅकच्या फायली स्वतः तयार केल्यात, म्हणून सांगतो की वर्गात रोज कोण उभं राहतं हे त्या ग्रेडवरून कळत नाही.

नॅक नकोच असं माझं म्हणणं अजिबात नाही. १९९४ साली ती सुरू झाली आणि तिच्यामुळे खेड्यापाड्यातल्या कॉलेजांत बरंच काही झालं, लायब्ररी कॉम्प्युटरवर आली, रॅम्प बांधले गेले, मुलींसाठी धड स्वच्छतागृहं झाली. मॅनेजमेंटकडे वर्षानुवर्षं मागून जे मिळत नव्हतं ते नॅकची टीम पाहणीला येणार म्हटल्यावर मिळालं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण २०१७ ला पद्धत बदलली, साधारण ७० टक्के मार्क कॉलेजने ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर गेले आणि तेव्हापासून पुरावा गोळा करणं हेच मुख्य काम होऊन बसलं. पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं की आधी बॅनर, मग मोबाईलचं लोकेशन ऑन करून जिओटॅग फोटो, मग हजेरीच्या सह्या, मग अहवाल, आणि व्याख्यान मात्र अर्ध्या तासात आटपायचं कारण मुलांची एसटी चुकते. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं, काम ज्यांच्या गळ्यात पडतं ते बहुतेक वेळा मनापासून शिकवणारेच असतात, त्यांचे तास बुडतात आणि ते तास सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने मानधनावर असलेली, नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेली पोरं घेतात, ज्यांना पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू का हेच माहीत नसतं. मंजूर जागांपैकी किती भरल्यात हे नॅक विचारतं, नाही असं नाही, पण तो एक आकडा बाकीच्या ढिगात विरून जातो. शिवाय अनुदानित कॉलेजात भरतीला सरकारची परवानगी लागते, ती वेळेवर मिळत नाही त्याचे मार्क कोणाचे कापायचे?

ग्रेडवर स्वायत्तता, निधी, ऑनलाइन कोर्सची परवानगी असं सगळं अवलंबून ठेवलं की गैरप्रकार होणारच. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी २०२३ मध्ये गैरप्रकारांकडे बोट दाखवून राजीनामा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्रातल्या एका विद्यापीठाच्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात सीबीआयने पाहणी समितीच्या अध्यक्षांनाच अटक केली. जी कॉलेजं प्रामाणिकपणे फायली भरतात त्यांच्या ग्रेडवरही आता लोक संशय घेतात, याचं फार वाईट वाटतं.

आता ग्रेड जाऊन मान्यताप्राप्त किंवा नाही असे दोनच शिक्के येणार आहेत, तशी घोषणा जानेवारी २०२४ मध्येच झाली. त्यातही भर आकडेवारीवरच असणार आहे. तेव्हा निदान एक करा, प्रत्येक कॉलेजला विषयवार यादी वेबसाइटवर टाकायची सक्ती करा, कायम शिक्षक किती, सीएचबीवर किती, रिक्त जागा किती आणि त्या कधीपासून रिक्त आहेत. त्यासाठी नवीन फाईल करावी लागणार नाही, माहिती ऑफिसात असतेच. आणि पालकांनो, ॲडमिशन घेताना ग्रेड विचारता तसं आमच्या मुलीला फिजिक्स कोण शिकवणार हेही प्राचार्यांना विचारा.

- एक प्राध्यापक, धाराशिव जिल्हा