दिन्यास पत्र : आठ नंबरची जर्सी

एडिसन, न्यू जर्सी
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू तुझ्या गोलकीपरचं सांगत होतास. एकोणीस वर्षांचं पोरगं, एका सामन्यात कुणालाच सुचणार नाही असा सूर मारून गोल वाचवतं आणि पुढच्या सामन्यात सरळ आलेला चेंडू पायांमधनं सोडतं. तालमीच्या फुटबॉल संघातली निम्मी मंडळी म्हणतात बसवा त्याला, निम्मी म्हणतात राहू दे, शिकेल. मग तू विचारलंस, 'तुमच्याकडं पण असंच काहीतरी झालं म्हणे?' तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली आणि फोन राहिला. झालंय खरं. दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय.

आमच्या न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघानं गेल्या शुक्रवारी, २२ तारखेला, डॅनियल जोन्सला मोकळं केलं. सहा हंगाम तो आमचा क्वार्टरबॅक होता. तुला या खेळाची फार सवय नाही, म्हणून एवढंच सांगतो की चेंडू प्रत्येक वेळी आधी त्याच्या हातात येतो. मग त्याच्याकडं जेमतेम तीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत असतात, आणि तेवढ्यात कोण मोकळा आहे ते बघून त्याला चेंडू फेकायचा असतो. तुमच्या गोलकीपरची चूक जशी सगळ्या मैदानाला दिसते, तशी याचीही दिसते. त्याला वाचवायला पुढं पाच जणांची भिंत असते, तिला लाइन म्हणतात. हे पाच जण लक्षात ठेव, पुढं त्यांच्याकडं परत येणार आहे.

दरवर्षी सगळे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्यात जोन्सला २०१९ साली आम्ही सहाव्या क्रमांकावर निवडला, तेव्हा इथल्या लोकांनी शिव्या घातल्या होत्या. मग २२ सप्टेंबरला टॅम्पात त्याचा पहिला सामना झाला. अर्ध्या वेळेला आम्ही २८-१० मागं होतो. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडं नेणं; या नवख्या पोरानं दोन टचडाउन फेकले, दोन स्वतः धावून केले. शेवटचा तर सव्वा मिनिट उरलं असताना, चौथ्या म्हणजे अखेरच्या संधीला, मधली वाट मोकळी दिसली तसा चेंडू घेऊन थेट घुसला. आम्ही ३२-३१ जिंकलो. मी घरात एकटाच उभा राहून ओरडत होतो, मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, ती घाबरून बाहेर आली. दुसऱ्याच आठवड्यात तिच्यासाठी आठ नंबरची जर्सी आणली.

पण त्याच हंगामात त्याच्या हातून चेंडू १८ वेळा निसटला, त्यातले ११ समोरच्यांनी उचलले. सहा वर्षं हे असंच चाललं. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऑक्टोबर २०२०, फिलाडेल्फियात गुरुवारी रात्रीचा सामना. जोन्सनं चेंडू दुसऱ्याला दिल्याचं भासवलं, सगळे तिकडं धावले आणि हा उजवीकडनं एकटाच सुटला. पुढं कुणी नाही, मागं कुणी पोचत नाही. ऐंशी यार्ड धावला, आणि रेषा आठ यार्डांवर असताना स्वतःच्याच पायात अडखळून तोंडावर पडला. कुणी हात लावला नव्हता. लोक अजून त्या चित्रफितीवर हसतात. मला हसू येत नाही, कारण ते ऐंशी यार्ड धावणारा क्वार्टरबॅक अख्ख्या लीगमध्ये शोधून दोन-तीन सापडतील. तो सामना आम्ही एका गुणानं हरलो, ते वेगळंच.

आता ठेवायचा की काढायचा हा प्रश्न खरा आला तो २०२३ च्या मार्चमध्ये. आदल्या हंगामात नवा प्रशिक्षक ब्रायन डेबॉल आला होता. त्यानं जोन्सला लांब आणि धोक्याचे पास कमी दिले, धावू जास्त दिलं. इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी मधेच पकडलेले पास, पाचावर आले आणि जोन्सनं धावूनच ७०८ यार्ड काढले. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, मिनेसोटात जाऊन ३१-२४ जिंकलो. त्या दिवशी तो ३०१ यार्ड फेकला, ७८ धावला. अकरा वर्षांत आमचा पहिला प्लेऑफ विजय रे! आठवड्यानं फिलाडेल्फियानं ३८-७ धुतलं, पण मिनेसोटाचा कैफ कुणाचा उतरला नव्हता. त्या कैफात ४ वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार झाला.

तेव्हाही माझं मत हेच होतं आणि आजही हेच आहे, की त्याला ठेवायला हवं होतं, पण त्या भावात नव्हे. इथं प्रत्येक संघाच्या पगाराला वरून मर्यादा असते. त्या वर्षी ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. त्यातून सरासरी चार कोटी एका माणसाला दिले की बाकीच्यांसाठी हात आखडतो. धावणारा साकॉन बार्कली, ज्याच्या पायांवर तो अख्खा हंगाम उभा होता, त्याला एक वर्षाच्या करारावर अडवून ठेवलं आणि यंदा मार्चमध्ये तो सोडून गेला. गेला कुठं, तर त्याच फिलाडेल्फियाला. काल रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्यानं एका सामन्यात २५५ यार्ड काढले, ७० आणि ७२ यार्डांचे दोन टचडाउन केले. मी टीव्हीसमोरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जोन्सला सोडून दोन दिवस झाले होते. तेलही गेलं, तूपही गेलं.

आणि ती भिंत? २०२३ चा पहिला सामना मी मेटलाइफ स्टेडियमवर बघितला, मुलगी बरोबर होती. पाऊस थांबेना. डॅलसनं आम्हाला ४०-० हरवलं, जोन्सला सात वेळा आडवा केला. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, तिथनं चेहरे दिसत नाहीत, पण आठ नंबर दिसतो. तो प्रत्येक वेळी खाली जायचा आणि प्रत्येक वेळी उठून परत गड्यांच्या घोळक्यात येऊन उभा राहायचा. लोक निम्म्यातच निघून गेले. मुलगी म्हणाली, 'बाबा, त्याच्या पुढचे लोक बाजूला का होतात?' बारा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते दिसायला मोठा जाणकार लागत नाही. तीन आठवड्यांनी सिएटलविरुद्ध त्याला दहा वेळा पाडलं. मग मान दुखावली, मग नोव्हेंबरमध्ये लास वेगासला उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला.

त्याची बाजू घेतोय म्हणून त्याचे दोष झाकत नाही. गुडघ्यानंतर तो पूर्वीचा राहिला नव्हता. पहिला गडी मोकळा नसला की नजर तिथंच अडकायची, चेंडू अर्धा सेकंद उशिरा सुटायचा. १ जानेवारी २०२३ नंतर घरच्या मैदानावर त्याचा टचडाउन पास झाला तो थेट या ३ नोव्हेंबरला. जखमी होता ते महिने सोडले तरी हे फार आहे. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत २४ विजय, ४४ पराभव, एक बरोबरी. हे आकडे मी तुझ्यासमोर ठेवतोच, कारण जे त्याला काढा म्हणत होते ते वेडे नव्हते.

पण मी २००६ साली इथं आलो तेव्हा या जागी इलाय मॅनिंग होता. १७ वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, २५ नोव्हेंबर २००७ ला, त्यानं मिनेसोटाविरुद्ध चार इंटरसेप्शन दिले, त्यातल्या तिनांवर समोरच्यांनी थेट टचडाउन केले. ४१-१७ हरलो. ऑफिसात दुसऱ्या दिवशी एकजण मला शांतपणे म्हणाला, याचं काही होणार नाही, सोडून द्या. दहा आठवड्यांनी त्याच इलायनं, हंगामात एकही सामना न हरलेल्या पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, १७-१४ हरवलं. चार वर्षांनी पुन्हा त्यांनाच हरवलं. कारकिर्दीत त्याचे साखळी सामने किती जिंकले, किती हरले माहीत आहे? ११७ आणि ११७. कधी सोनं, कधी माती, असाच माणूस होता तो. पण त्याला बारा हंगाम एकच मुख्य प्रशिक्षक मिळाला, टॉम कॉफलिन. आणि पुढं तेच ते पाच जण वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून उभे असायचे. जोन्सला सहा हंगामांत तीन मुख्य प्रशिक्षक. प्रत्येकाची भाषा वेगळी, खुणा वेगळ्या, चेंडू टाकायच्या वेळा वेगळ्या. दर दोन वर्षांनी पोराची शाळा बदलायची आणि वर विचारायचं, मार्क का कमी?

हे मी नुसतं मायेपोटी बोलत नाही. काल आम्हाला घरात येऊन ३०-७ हरवणारा संघ कुठला, तर टॅम्पा. पाच वर्षांपूर्वी जोन्सनं पहिल्याच दिवशी ज्यांना हरवलं तेच. त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड, २०१८ ची पहिली निवड. क्लीव्हलंडनं नको म्हटलं, मग कॅरोलायनानं सोडलं, आता टॅम्पात बघ कसा खेळतोय. त्याच वर्षीचा सॅम डार्नल्ड, आमच्याच मेटलाइफवर खेळणाऱ्या जेट्स या दुसऱ्या संघाकडून खेळताना त्याची पार दैना झाली होती. काल मिनेसोटाला त्यानं या हंगामातला नववा विजय मिळवून दिला. दोघांचे हात तेच आहेत.

मला सगळ्यात लागलं ते काढायची पद्धत. १० तारखेला म्युनिकमध्ये कॅरोलायनाशी २०-१७ हरलो. सकाळी साडेनऊचा सामना, घरात पोहे चालले होते. जोन्सनं दोन इंटरसेप्शन दिले, जादा वेळेत चेंडू मात्र दुसऱ्याच्या हातून सुटला. त्यानंतर त्याला बसवलं. पण करारात कलम होतं, की तो जखमी झाला आणि पुढच्या हंगामाआधी तंदुरुस्त ठरला नाही, तर आणखी २ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागणार. म्हणजे चांगला खेळेल की वाईट हा प्रश्नच मागं पडला, त्याला मैदानावर उतरू देणंच परवडत नव्हतं. सरावात तर त्याला बचाव फळीत उभा केला, समोरच्या संघाची नक्कल करायला. सहा वर्षं ज्यानं तुमच्यासाठी मार खाल्ला त्याला! गुरुवारी तो पत्रकारांसमोर कागद घेऊन आला, सगळ्यांचे आभार मानले, जास्त सामने जिंकून देता आले नाहीत त्यातल्या आपल्या वाट्याची जबाबदारी माझी, असं म्हणाला. आवाज जड झाला होता. कुणाचं नाव घेतलं नाही, लाइनबद्दल एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सोडा म्हटलं आणि त्यांनी सोडलं.

हंगाम तसाही हातातून गेलेला होता, नऊ सामने हरलोय. उरलेले सामने मी त्याला खेळू दिले असते. जानेवारीत शेकहँड करून निरोप दिला असता. पैशाची भीती होती तर मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांचा छोटा करार करायचा होता, बार्कलीला ठेवायचं होतं आणि उरलेला पैसा भिंतीत घालायचा होता.

म्हणून तुझ्या पोराबद्दल मत देण्याआधी मला काही गोष्टी कळव. त्याच्या पुढं बॅकला कोण कोण खेळतं, आणि गेल्या वर्षभरात तेच खेळलेत की दर सामन्याला बदललेत? गोलकीपिंग त्याला शिकवतं कोण, की सगळेच बांधावरून ओरडतात? आणि ज्या सामन्यात पायांमधनं चेंडू गेला, त्याची मोबाइलवर घेतलेली चित्रफीत असली तर पाठव. चेंडू आत जाण्याआधीचे दहा सेकंद बघायचेत मला.

मुलीनं काल तीच जुनी जर्सी घालून सामना बघितला. आता ती तिला दंडात घट्ट होते. संपल्यावर काही बोलली नाही, धुवायला टाकली. आज संध्याकाळी बघतो तर वाळलेली जर्सी घडी करून तिच्या नेहमीच्या खणात.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद. शाहू स्टेडियमवर तुमचा सामना कधी आहे ते कळव, इथं कितीही वाजले असले तरी फोनवर बघेन.

तुझा,
सुन्या