साहेब, स्क्रबर कुठे अडला?

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

निवडणुकीआधी आपण विट्याजवळच्या आमच्या गावात आला होतात. आम्हा गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्यांना, सामायिक शेड आणि धूर धुणारा स्क्रबर 'सहा महिन्यांत' देतो, असा शब्द दिलात. आपला फेटा आमच्याच वर्गणीतला होता, असो. परवा रात्री दोन वाजता माझ्या पुतण्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून हे पत्र.

आमचं काम आपल्याला ठाऊक नसेल. सोन्यात तिप्पट चांदी मिसळून वितळवायची, पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. वर उठतो तांबडा धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो लगेच दगा देत नाही. पोरगं दुपारी जरासं खोकललं, संध्याकाळी जेवलं, मध्यरात्री छातीत पाणी भरलं.

तुमच्या मोठ्या कारखान्यांत हाच वायू म्हणजे कच्चा माल, साहेब. ट्रॉम्बे-तळोज्याला अमोनिया आणि हवा साधारण 900 अंशांवर प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीतून सोडतात. निघालेला वायू गार होताना तांबडा पडतो, तो टॉवरमध्ये पाण्यात जिरवला की झालं नायट्रिक. या रीतीचं पेटंट रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डचं, 1902 चं. जाळीवरून उडणारं प्लॅटिनमसुद्धा पकडून ठेवतात. आम्हीही दुकानाची राख धुऊन सोनं काढणारी माणसं, त्यामुळे ते पटतं. पण आमच्याकडे टॉवरचं काम फुफ्फुसं करतात. ॲसिड तेच तयार होतं, फक्त विकता येत नाही.

मी सव्वीस वर्षं परमुलखात भट्टीपुढे काढली. बोटं पिवळी, पुढचे दात झिजलेले, चोरीच्या सोन्याच्या संशयावरून चौकीत बसलो ते वेगळंच. गावी आलो तर इथं कोण विचारतंय? सोन्यावर 3 टक्के जीएसटी बरोबर कापता. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून ॲसिडला ओळखपत्र लागतं, ते योग्यच. पण मास्क आहे का, हे आजवर एकानंही विचारलं नाही. जगात वर्षाला पाच-सहा कोटी टन नायट्रिक बनतं म्हणे, बहुतेक खतात जातं. त्यात आमचा थेंब कोण मोजणार? ज्याला एमआयडीसीत प्लॉट तो उद्योजक, आम्ही नुसते सभेतल्या गर्दीचे धनी!

पुतण्या अजून ऑक्सिजनवर आहे. डॉक्टरांनी विचारलं, ॲसिड कुठलं, किती टक्क्यांचं? बाटलीवर चिठ्ठीच नव्हती. शेडचं तुमच्या सवडीनं बघा, पण सुट्या बाटल्यांवर नाव आणि टक्के लिहायला लावा, या महिन्यात.

आपला,
एक गलाईवाला
ता. खानापूर, जि. सांगली