आमचा गणपती एक दिवस आधी

एडिसन, न्यू जर्सी
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

आज तुझ्याकडे गौरी यायच्या. घर माणसांनी भरलेलं असणार, पत्र वाचायला तुला सवड कुठली! तरी आजच लिहितोय, कारण आईचा आणि माझा फोनवरचा वाद तुझ्या कानावर गेला असणारच.

वाद तारखेचा. आम्ही गणपती बसवला मंगळवारी, २६ ऑगस्टला. आईचं म्हणणं, "अरे, आज हरतालिका आणि तू गणपती कसला बसवतोस?" तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थी २७ ला आहे आणि तिच्यापुरतं ते बरोबरच आहे. पण तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते, बदलतं ते आपलं घड्याळ. तुमच्याकडे मंगळवारी दुपारी १:५४ ला चतुर्थी लागली, तेव्हा इथे मंगळवारचीच पहाट होती, ४:२४. बुधवारी तुमच्याकडे दुपारी ३:४४ ला ती संपली, तेव्हा इथे जेमतेम सव्वासहा वाजले होते. गणपतीला चतुर्थी मध्यान्हाची हवी. तुम्हाला ती बुधवारी मिळाली, आम्हाला मंगळवारीच. बुधवारी दुपारी इथे पंचमी होती रे!

इथली बरीच घरं भारतातलीच तारीख धरतात. सगळ्यांबरोबर आपलीही आरती व्हावी, ही ओढ मला कळते. पण पंचांग ज्या त्या गावचं काढायचं असतं. घर एडिसनला आणि सूर्य चिपळूणचा, हे मला पटत नाही. लेक इथेच जन्मली, तिचा सण तिच्या डोक्यावरच्या सूर्याने व्हावा. मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारी असतो, ते मात्र योग्यच. माणसंच आली नाहीत तर सार्वजनिक कसलं?

मूर्ती शाडूची, पेणची. समुद्रमार्गे येते, त्यामुळे इथल्या दुकानदाराला पावसाळ्याच्या कितीतरी आधी मागणी नोंदवावी लागते. मंगळवारी रजा टाकली होती. सकाळपासून मोदक. इथे मिळणारा ओला नारळ म्हणजे बर्फात गोठवलेला चव, खोवलेलं खोबरं. तो सुटला की पाणी सोडतो, म्हणून गूळ घालण्याआधी नुसताच कढईत परतून कोरडा करावा लागतो. खरी परीक्षा उकडीची. बासमतीच्या पिठीला चिकटपणा नाही, पारी वळताना कडेला चिरा जातात. बायकोने तेलाचा हात लावून उकड पुन्हा पुन्हा मळली, तेव्हा कुठे कळ्या धरल्या. लेकीने केलेल्या मोदकाला पाचच कळ्या होत्या, पण त्या शेंड्याशी नीट मिळाल्या होत्या. नैवेद्याच्या पानात मधोमध तोच ठेवला.

रात्रीची आरती झाली आणि व्हिडिओ कॉल लावला. तुमच्याकडे बुधवारची सकाळ. बाबा टोपी घालून, हातात पाट घेऊन मूर्ती आणायला निघालेले, मागे पोरांची झांज. लेक मखरापाशी फोन धरून ओरडली, "आजोबा, आमचा बसलासुद्धा!" बाबा दारातच थांबले, त्यांनी फोनमधल्या गणपतीला हात जोडले. मग आई पुढे आली. तारखेबद्दल चकार शब्द नाही, फक्त म्हणाली, "मोदक जवळून दाखव बघू." वाद तिथे मिटला असं मी धरून चाललोय. तिने तुला वेगळं काही सांगितलं असेल तर कळव.

आमचा दीड दिवसाचा. बुधवारी संध्याकाळी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. सकाळी तळाशी नुसता गाळ होता, तो जास्वंदीच्या कुंडीत घातला. कुंडी थंडीत घरात घ्यावी लागते, तेव्हा ती माती आमच्याबरोबर आतच राहील.

पुढच्या वर्षी भांडायला कारणच नाही. चतुर्थी दोन्हीकडे १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. तेवढ्यासाठी तुला एक काम. आई डिसेंबरात इकडे येते आहे, तिच्या सामानात नव्या आंबेमोहराची दोन किलो पिठी दे. गिरणीतून दळून आणून चाळलेली, आणि पिशवी दुहेरी बांध. फ्रीजरमध्ये तिची जागा आत्तापासून राखून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र