प्लास्टर निघालं, पाय कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वय 51, नोकरीला 26 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मैदानावर पडलेल्या किती मुलींना मी "पाय झटक, काही नाही झालं" म्हटलं असेल याचा हिशेब नाही. गेल्या आषाढात माझाच घोटा मोडला आणि तेव्हापासून तो हिशेब रात्री आठवतो.

सकाळी आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावरून फिरून परतत होते. रात्रभर पाऊस झालेला. आमच्या वस्तीतला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हापासून तो उंच आणि बाजूचे गट्टू (सिमेंटचे ठोकळे) खाली, मध्ये वीतभर खाच. पाणी साचलं की खाच दिसत नाही. डावा पाय तिच्यात गेला आणि अंग उजवीकडे पडलं. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. खाली बघितलं तर पाऊल भलतीकडेच वळलेलं.

शेजारचा मुलगा धावत आला. "मॅडम, बसा स्कूटीवर, पाच मिनिटांत पोहोचवतो." मागे त्याचा मित्र मला धरून, मध्ये मी, आणि पाय लोंबकळतोय. प्रथमोपचाराचा तास शाळेत मीच घेते. मोडलेलं हाड आहे त्या जागी फळीला नाहीतर उशीला बांधा, मगच माणसाला हलवा, हे दरवर्षी फळ्यावर माझ्याच अक्षरात असतं. वेळ आली तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. पुढे पडून असताना मोबाईलवर वाचलं की घोट्याच्या फ्रॅक्चरला ज्याचं नाव आहे तो पर्सिव्हल पॉट हा लंडनचा सर्जन 1756 मध्ये घोड्यावरून पडला. पाय मोडलेला कळताच त्याने कोणाला अंगाला हात लावू दिला नाही. एक दार विकत आणवलं, त्यावर आडवा झाला आणि तसाच खांद्यांवरून घरी गेला. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेन काढलं. नडगीचं जाड हाड आतून, शेजारचं बारीक हाड बाहेरून, आणि नडगीचीच मागची कड, अशा तीन बाजूंनी घोट्याचं हाड चापात धरलेलं असतं. सुताराने खाचेत लाकूड बसवावं तसं. माझ्या तिन्ही बाजू मोडल्या होत्या. चापातलं ते हाड एक मिलिमीटर जरी बाहेर सरकलेलं राहिलं, तरी सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतो, म्हणून धातूच्या पट्टी-स्क्रूशिवाय इलाज नाही, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं. कबड्डीत पकड एका बोटाने सुटली तरी सुटलीच.

ऑपरेशन मात्र आठ दिवसांनी. सूज उतरून कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत तिथे चिरा देत नाहीत, नाहीतर जखम भरत नाही. ते आठ दिवस घरी सल्ल्यांचा पूर. एकीने खेड्यातल्या हाडवैद्याचा पत्ता आणला, दुसरीने आंबेहळदीचा लेप वाटून आणला. पायावर पाण्याचे फोड आलेले. त्यावर लेप लावला असता तर काय झालं असतं, विचार नको. माझ्या सासूबाईंनीच सगळ्यांना दारातून परत पाठवलं. "डॉक्टर काय म्हंते ते करू द्या तिले," एवढंच. वय 79, खुब्याचं हाड मोडून त्या चार वर्षांपूर्वीच हे सगळं शिकून बसल्यात.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. बाहेरच्या हाडावर पट्टी आणि सात स्क्रू, आत दोन. तिसऱ्या दिवशी घरी. सुट्टी देताना हातात जो कागद मिळाला त्यावर औषधांच्या यादीखाली तीन ओळी होत्या: सहा आठवडे वजन टाकू नये. नंतर फिजिओ. पुन्हा दाखवणे.

संपादक महोदय, माझं पत्र या मधल्या ओळीबद्दल आहे.

सहा आठवडे वजन टाकायचं नाही म्हणजे काय, हे आपल्या घरांत राहिल्याशिवाय कळत नाही. आमचं जुनं घर. संडास भारतीय, न्हाणीघराला उंबरा, स्वयंपाकघर एक पायरी खाली. कमोडची खुर्ची भाड्याने आणली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पायाला दुधाच्या पिशव्या गुंडाळून आंघोळ. वॉकर सासूबाईंचाच. तो आधी पुढे ठेवायचा, हातांवर भार घ्यायचा, मग चांगला पाय उचलायचा, हे त्यांनी मला भिंतीला टेकून करून दाखवलं. सुनेने सासूचा वॉकर पळवला म्हणून गल्लीत विनोद झाला, आणि त्यांनी तो पुरेपूर एन्जॉय केला. पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा म्हणून तीन गाद्या, दोन उशा. पोटात रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं. पोटरी दुखली, एकाएकी सुजली किंवा दम लागला तर रात्र असो की पहाट, ताबडतोब या, असं एका तरुण डॉक्टरने जाता जाता सांगितलं. शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. कागदावर हे नव्हतं. तो मुलगा नसता भेटला तर मला कळलंही नसतं.

नागपंचमी आली. आमच्या मंडळासोबत मी सतरा वर्षं नागद्वारच्या यात्रेला जाते, पचमढीच्या डोंगरातून, पावसात, चिखलात. गाडी गल्लीतूनच निघाली. "हर बोला" ऐकू आलं आणि मी उशीत तोंड घातलं. धावणाऱ्या माणसाला पडून राहायला लावलं की दुखण्यापेक्षा हे जास्त खातं. माझ्या मुली, म्हणजे कबड्डीच्या, दर शनिवारी यायच्या. स्पर्धेत हरल्या तेव्हा तोंडं पाडून आल्या आणि सोबत संत्रा बर्फी. हरल्याची बर्फी मी पहिल्यांदाच खाल्ली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्लास्टर निघालं, सहा आठवड्यांचा एक्स-रे झाला. डॉक्टर खूश. "मस्त जुळतंय. आता चाला." दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा गावाबाहेर घालवणाऱ्या पुतळ्यांची आमची मिरवणूक. सासूबाईंनी टीव्हीवरच्या मिरवणुकीकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "ईडा पीडा, सूनबाईची सूज घेऊन जा गे मारबत."

मारबत काही माझी सूज घेऊन गेली नाही.

कारण "चाला" म्हणाले तो पाय माझा नव्हताच. शिवणाची टेप लावून पाहिली: उजवी पोटरी 34 सेंटिमीटर, डावी 30. कातडी खवल्यासारखी, रंग जांभळट, संध्याकाळी वांग्यासारखा फुगलेला. पाऊल वर उचलावं म्हटलं तर दरवाज्याची बिजागरी गंजावी तसं. जमिनीवर टेकवलं तर खाली खडी पसरल्यासारखी वाटे. हाड जुळलं की माणूस चालतो अशी माझी समजूत होती. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले, शरीरशास्त्राचा पेपर दिला, तरी हीच समजूत.

शंकरनगरच्या बाजूला एक फिजिओथेरपिस्ट बाई मिळाल्या. सुभाषनगरहून मेट्रोने जायचे. स्टेशनवर लिफ्ट आहे, डबा फलाटाच्या बरोबरीने थांबतो, तिथवर सगळं छान. घर ते स्टेशन या सहाशे पावलांत मात्र शहर कसं बांधलंय ते कुबड्या घेऊन कळतं. फुटपाथवर चढायला एक फुटाची पायरी, त्यावर डीपीचा खांब, पुढे कोणाची तरी कार. ते असो, नाहीतर पत्र दुसरीकडेच जाईल.

बाईंनी पहिल्या दिवशी घेतलेली परीक्षा मी आता सगळ्यांना शिकवते. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीला घट्ट, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. पावलाचं टोक भिंतीपासून किती लांब ठेवून हे जमतं ते पट्टीने मोजायचं. उजवा पाय 11 सेंटिमीटर, डावा शून्य. "तुम्हाला धावायचंय ना? आधी हे," त्या म्हणाल्या. हेच वाकणं गेलं तर उकिडवं बसता येत नाही, जिना उतरताना टाच उचलते, चाल लंगडी होते आणि मग गुडघा, कंबर कुरकुरू लागतात. आपल्याकडे भाजी चिरायची, कपडे घासायचे, देवाला बसायचं तर उकिडवं नाहीतर मांडी. खुर्चीवर जगणाऱ्या माणसाला जेवढा घोटा पुरतो तेवढा आपल्याला पुरत नाही, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

मग टॉवेल पावलाला अडकवून ओढणं, पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणं (ज्ञ ला घाम फुटायचा), रबरी पट्टा, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. जिन्याचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मोडलेल्या एकट्या पायावर उभं राहून टाच उचलणं दसऱ्याला जमलं नाही. दिवाळीत एकदा जमलं आणि मी ओरडले, घरच्यांना वाटलं पुन्हा पडले. महाशिवरात्रीपर्यंत 20 झाल्या.

मध्ये एक मूर्खपणा केला तोही लिहिते. डिसेंबरात, थंडीची मस्त सकाळ, मैदान मोकळं, आणि मी दोन फेऱ्या धावले. धावताना काही दुखलं नाही. संध्याकाळी बुटात पाय जाईना, चार दिवस लंगडले. फिजिओ बाईंनी चांगलंच झापलं. व्यायाम करताना दुखलं का हे न पाहता दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं वाढलंय का ते बघायचं; वाढलं असेल तर काल जास्त झालं. इतकी साधी खूण. सवयीने खेळणाऱ्या माणसाला ही आधी सांगायला हवी, कारण आम्ही दुखणं सोसण्यालाच शिस्त समजतो.

हे सगळं मी करू शकले कारण माझी पगारी रजा होती आणि फिजिओच्या एका बैठकीचे 400 रुपये देता येत होते. त्याच दवाखान्यात हिंगणा एमआयडीसीतला एक वेल्डर भेटला. तिशीतला, माझ्यासारखाच घोटा, माझ्यासारख्याच तीन ओळींचा कागद. तो दोनदाच आला. "हाड जुळलं म्हणे ना डॉक्टर, मग काहून पैसे घालवू?" त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कागदावर "फिजिओ" हा एक शब्द होता. तो न केल्याने काय होतं, घरी काय करता येईल, सरकारी दवाखान्यात कुठे जायचं, यातलं काही नव्हतं. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीचं स्वतंत्र केंद्र आहे. त्याला ते माहीतच नव्हतं. उन्हाळ्यात तो मला सीताबर्डीच्या स्टेशनवर दिसला. पाऊल बाहेर फिरवून, कंबर झोकून चालत होता. हाड त्याचंही जुळलंय.

तेव्हा शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांना माझी आपल्या मार्फत विनंती आहे. ऑपरेशन तुम्ही फार चांगलं करता, तक्रार नाही. फक्त सुट्टीच्या वेळी मराठीत आणि हिंदीत एक पान द्या. पोटरीतली गाठ कशी ओळखायची, सहा आठवड्यांनी पाय कसा दिसेल, सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहू शकते आणि त्यात घाबरण्यासारखं काय आहे, काय नाही, भिंतीची परीक्षा, टाचा उचलणं, दुसऱ्या दिवशीची खूण. चित्रं काढून द्या, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळेल. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत सांधा बदलण्याच्या बातम्यांशेजारी यालाही कधी अर्धं पान मिळालं तर बरं होईल.

शाळेपुरतं मी सुरू केलंय. गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी चढाईत पडली. सवयीने "पाय झट" एवढं तोंडात आलं आणि थांबले. चार पावलं चालून दाखव म्हटलं, तिला जमेना. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला बोट लावलं तर ती कळवळली. यातलं एक लक्षण असलं तरी ते एक्स-रे काढायला पुरेसं असतं. दोन लाकडी पट्ट्या, दोन ओढण्या, पाय बांधला आणि व्हॅन बोलावली. शेजारच्या वर्गाच्या सरांनी त्यांची स्कूटी पुढे केली होती. त्यांना मी जरा जास्तच जोरात नाही म्हणाले.

माझा घोटा आज भिंतीपासून 8 सेंटिमीटरवर आहे. 11 चा होईल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पट्टी त्रास देत नाही म्हणून आतच आहे. यंदा नागद्वार चढणार नाही. पण मंडळासोबत पचमढीपर्यंत जाणार आहे, भंडाऱ्याच्या पंगतीची भाजी चिरायला. विळीसमोर बसणं अजून जमत नाही, तेव्हा सोबत चाकू, पाटी आणि एक स्टूल घेतलाय.

आपली,
एक वाचक, नागपूर

ता. क. नाव छापू नये. सासूबाईंच्या वॉकरचा किस्सा शाळेत अजून पोहोचलेला नाही.