मेन्लो पार्कच्या फेरीसाठी चार चष्मे हवे आहेत : वाचनालयाच्या हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर दिवाळीआधीच जायला हवे होते. दोन सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या, तिसरीत मजकूर मंजूर झाला आणि आता २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन तोंडावर आला आहे. लिहिण्यात मागेपुढे झाले असेल तर सांभाळून घ्यावे.

आपल्या वाचनालयाच्या विज्ञान विभागाने एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा संगणकात जशीच्या तशी उभी केली आहे, हे चाळीसगावात बहुतेकांच्या कानावर आहे. कानावरच आहे. डोळ्यांनी पाहिलेली माणसे थोडी, कारण ती पाहायला जो व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आपण त्या जागेतच उभे आहोत असे दाखवणारा पडदा, लागतो (मुले त्याला ‘डबा’ म्हणतात, आम्ही चष्मा म्हणतो) तो आपल्याकडे एकच, आणि तोही उसना. गेल्या विज्ञान दिनाला सकाळी आठपासून रांग लागली. संध्याकाळी सहापर्यंत जेमतेम पन्नास जणांची फेरी झाली. मेहुणबारे, वाघळी, बहाळकडून आलेली मुले शेवटच्या एसटीसाठी रांगेतून निघून गेली. त्यांचे चेहरे मला पुढचे आठ दिवस दिसत होते.

ज्याने हे काम केले तो मुलगा आपल्याच बालविभागातला. पाचवीत असताना पुस्तकाच्या पानांचे कोपरे दुमडतो म्हणून माझी बोलणी खाल्लेला. आता पुण्यात नोकरीला आहे. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही, पण वाचणाऱ्यांना कळेलच. दोन वर्षे शनिवार-रविवार घालून, जुनी छायाचित्रे आणि चित्रे समोर ठेवून त्याने एकेक टेबल, एकेक बाटली बसवली. मोबदला विचारला तर म्हणाला, “काका, लेट फी माफ करा.” सतरा रुपये होते. माफ केले.

आता फेरीविषयी, कारण ‘व्हिडिओ गेम आहे’ असे म्हणणारे अजून भेटतात. चष्मा लावला की आपण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एका दुमजली लाकडी इमारतीसमोर उभे असतो. एडिसनने १८७६ साली ही जागा बांधली. जिना चढून वर गेले की साधारण १०० फूट लांब आणि ३० फूट रुंद एकच दालन. दोन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर बाटल्याच बाटल्या. टोकाला चक्क एक ऑर्गन. मध्यरात्री काम थांबवून ही मंडळी जेवायची, चिरूट ओढायची आणि त्या ऑर्गनभोवती गाणी म्हणायची. आपली भरीत पार्टी आठवावी, वांग्याऐवजी चीज. मी स्वतः बासष्टीचा माणूस. एक बाटली काढायला हात पुढे केला तो खऱ्या कपाटावर आपटला. दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे खाली आले. तेव्हापासून फेरीच्या जागी चारही बाजूंनी दोरी लावतो.

खाली एका खोपटात रॉकेलचे दिवे मुद्दाम भडकवून धूर करत ठेवलेले दिसतात. काचेवर धरलेली काजळी खरवडायची, दाबून तिच्या गोळ्या करायच्या आणि त्या टेलिफोनच्या बोलण्याच्या भागात बसवायच्या. आपल्या आज्या दिव्यावर वाटी पालथी घालून काजळ धरायच्या, तोच प्रकार. मधल्या टेबलावर १८७७ चा फोनोग्राफ आहे. कथिलाचा वर्ख गुंडाळलेला नळा, त्याला हँडल. तोंड जवळ नेऊन बोलायचे, हँडल उलटे फिरवून मागे आणायचे आणि पुन्हा फिरवले की आपलाच आवाज खरखरत परत येतो. एडिसनने त्यात इंग्रजी बालगीत म्हटले होते. आपल्या पोरांनी काय काय म्हटले ते इथे लिहिता येत नाही.

पण लोक थांबतात ते दिव्यापाशी. शिवणाचा साधा सुती दोरा घ्यायचा, घोड्याच्या नालासारखा वाकवायचा, साच्यात घालून भट्टीत ठेवायचा. जळून राख न होता त्याचा कोळसा झाला पाहिजे. मग तो उचलून काच फुंकणाऱ्याच्या टेबलापर्यंत न्यायचा. हात जरा हलला की मोडतो. एडिसनचा उजवा हात म्हणजे चार्ल्स बॅचलर नावाचा सहकारी, त्याच्याही हातून मोडला होता म्हणतात, तेव्हा आपण वाईट वाटून घेऊ नये. तो काचेच्या फुग्यात बसवला की पाऱ्याचा पंप सुरू होतो. पाऱ्याचा थेंब पडताना थोडी थोडी हवा ओढून नेतो, पुन्हा थेंब, पुन्हा थोडी हवा. घाईच्या माणसाला इथे कंटाळा येतो. हवा पुरेशी निघाली की बटण. ऑक्टोबर १८७९ मध्ये असा एक दिवा तेरा तासांहून अधिक जळला, असे तिथल्या वहीत आहे. गोष्टी सांगणाऱ्यांनी पुढे त्याचे चाळीस केले. विजेचा दिवा एकट्या एडिसनने शोधला असेही नाही, इंग्लंडात स्वान होता, आधीही काही जण होते. हे सगळे निवेदनात सांगितले आहे. आपल्या फेरीत भाबडेपणा नको, असे ठरले होते.

गल्लीतल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. पदर सावरत चष्मा लावून घेतला, दिवा तांबूस उजळला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “कापूसनी वात शे व माय ही!” अख्खी रांग हसली. पण खरेच आहे की ते. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला सुचली नव्हती. (पुढच्याच मिनिटाला लाईट गेली. एडिसनचा दिवा लागला आणि आपला गेला, म्हणून इन्व्हर्टर यादीत आहे.)

आणखी एक सांगून पुढे जातो. १९२९ साली हेन्री फोर्डने हीच प्रयोगशाळा मिशिगन राज्यात डिअरबॉर्नला नव्याने उभी केली, न्यू जर्सीची लाल मातीसुद्धा नेली. दिव्याच्या पन्नाशीला म्हाताऱ्या एडिसनला तिथे बसवले. सगळे हुबेहूब आहे, फक्त आमची जमीन एवढी स्वच्छ कधी नव्हती, असे तो म्हणाला, असे सांगतात. आमच्या मुलाने हे वाचले आणि संगणकातल्या फरशीवर कागदाचे कपटे, तारांचे तुकडे, सांडलेले डाग टाकत एक अख्खा रविवार घालवला.

असले काम आपल्या मातीला नवे नाही. स्टेशनजवळच्या घरात छायाचित्रकार केकी मूस टेबलावर घरगुती वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करत आणि त्यांची छायाचित्रे काढत. ते घर पाहायला बाहेरगावचे लोक पत्ता विचारत येतात. आपल्यातले किती जण गेलेत, हात वर करावा.

वाचनालयाने आजवर जे केले ते देणाऱ्यांच्या जिवावर. दुर्बीण यायच्याही आधी, ८ जून २००४ ला शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) गच्चीवर पांढऱ्या कागदावर पाडून दाखवले. मृगाचे दिवस, ढगांची धास्ती, पण तासभर सूर्य निघाला आणि तो इवलासा काळा ठिपका दीडदोनशे लोकांनी पाहिला. त्यासाठी भिंग, पुठ्ठा आणि सर्वांना चहा देणारे घड्याळवाले काका आज नाहीत. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी पहिल्या पेन्शनमधून विज्ञानाचे कपाट दिले. त्याच्या दारावर नाव घालू दिले नाही, आतल्या बाजूला खडूने तारीख तेवढी लिहिली, ती अजून पुसलेली नाही. जिनिंगवाल्या शेठजींनी पंखे दिले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांनी आपला पुस्तकसंग्रह हातगाडीवर घालून स्वतः ढकलत आणला. एडिसनही पोरवयात रेल्वेत पेपर विकायचा आणि सामानाच्या डब्यात प्रयोग करायचा, हे ते प्रत्येक मुलाला सांगत. डब्याला आग लागली आणि त्याला उतरवून दिले, इथपर्यंत आले की त्यांनाच हसू आवरत नसे.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर-डोंगरीला पूर आला तेव्हा खालच्या दोन फळ्या भिजल्या. महिला मंडळाच्या भगिनींनी पानापानात वर्तमानपत्राचे कागद घालून, पंख्याखाली पसरून चारशेवर पुस्तके वाचवली. त्यांच्या घरी त्या आठवड्यात स्वयंपाक कोणी केला, ते आम्ही विचारले नाही. मागच्या हिवाळ्यातली भरीत पार्टीही त्यांचीच. वांगी एका सभासदाच्या शेतातली, भाजायला तुराट्या दुसऱ्याच्या, कळण्याच्या पुऱ्या रात्री दोनपर्यंत लाटलेल्या. खर्च वजा जाता उरलेली रक्कम याच कामासाठी बाजूला ठेवली आहे. हिशेबनिसांनी वांग्यांची पावती मागितली होती, तो वाद मिटला आहे.

आता जरा मनातले. मागे दुर्बिणीसाठी आवाहन केले तेव्हा पंधरा पावतीपुस्तके वाटली. नऊ कोरी परत आली, चार परत आलीच नाहीत. दुर्बीण आली ती उरलेल्या दोनांवर आणि कार्यकारिणीच्या खिशावर. एका कार्यक्रमात व्यासपीठावरून एकवीस हजारांची घोषणा झाली. टाळ्या झाल्या, शाल दिली, अहवालात नावही छापले. ती रक्कम अजून येणे आहे. मोबाइल असताना वाचनालय कशाला, असे मला भर बाजारात विचारणारे आपल्याच गावचे होते, आणि त्यांच्याच नातीने परवा फेरीसाठी नाव नोंदवले. तिला आम्ही नंबर दिला आहे, मधला नाही, रांगेतलाच.

मागायची लाज मात्र वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या तालुक्यातच दगडावर कोरलेले आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटणला मठ काढला. शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०६ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या शेवटी संस्कृत सोडून मराठी येते, आणि येते ती देणग्यांसाठी. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा इतका वाटा, आणि जितके घाणे चालतात तितक्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल द्यायचे. सिद्धान्त संस्कृतात ठेवला तरी तेल मराठीतच मागावे लागले. मी चिटणीस म्हणून तो मजकूर अनेकदा वाचला आहे. देणाऱ्यावर ओझे नाही आणि मठाला दिवाभर तेल, असा हिशेब पुढे मला कुठे सापडला नाही.

तेव्हा तपशील थोडक्यात. चार हेडसेट (प्रत्येकी सुमारे ३५,०००) १,४०,०००; फेरी चालवू शकणारा संगणक ८५,०००; इन्व्हर्टर व बॅटरी २८,०००; फिरत्या खुर्च्या, वायरिंग, चष्म्याचे धुता येणारे कापडी आवरण वगैरे १७,०००; एकूण रु. २,७०,०००. जमा ६४,५०० (भरीत पार्टी धरून), कमी पडतात २,०५,५००. देणगी रोख, चेक किंवा ऑनलाइन. ग्रंथपालांकडे सकाळी ८ ते ११ व संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. खाते क्रमांक पावतीच्या मागे छापला आहे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. आयकरात ८०जीची सवलत आपल्या संस्थेला अजून नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पूर्ण हेडसेट देणाऱ्याचे (किंवा ज्यांच्या स्मरणार्थ द्यायचा त्यांचे) नाव त्याच्या पेटीवर. चालू स्थितीतला जुना हेडसेटही चालेल, आधी दाखवून घ्यावा. पैसे जमणार नसतील तर रविवारी दोन तास द्यावेत: चष्मा लावलेल्या माणसाच्या मागे उभे राहून तो पडू न देणे एवढेच काम. दहा वर्षांखालच्या मुलांना चष्मा देत नाही, त्यांना फेरी भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल. चक्कर येणाऱ्यांनी बसून पाहावे. निवेदन मराठीत तयार आहे. अहिराणीसाठी स्वच्छ आवाजाची, शक्यतो साठीच्या पुढची, एक बाई आणि एक बुवा हवेत. वरच्या आजींना विचारले आहे, त्या ‘देखू’ म्हणाल्या. सामान वेळेत आले तर विज्ञान दिनानंतर दर शनिवारी फेरी एकेका गावच्या शाळेत न्यायची, सुरुवात पाटणपासून. गाडीची सोय कोणी करू शकत असेल तर तेही कळवावे. रक्कम १० फेब्रुवारीपर्यंत आली तरच ऑर्डर देता येईल, नंतर आली तर जमा होईल पण विज्ञान दिन हुकेल.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : दुर्बिणीच्या वेळची चार पावतीपुस्तके ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कोरी असली तरी परत करावीत, लेखापरीक्षणात अडकतात. तसेच विज्ञान दिनाला नेलेला काळा एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे राहिला असल्यास ग्रंथपालांच्या टेबलावर आणून ठेवावा, काही विचारणार नाही.